मल्टिमीटर कोणाच्या हातात असतो?

तिरपी_रेघ

मी हायस्कूलच्या मुलांना फिजिक्स शिकवते, प्रॅक्टिकलही माझ्याकडेच असतं. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती इथे टाकतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

चार-चार जणांचे ग्रुप, मुलंमुली मिक्स. टेबलावर एक मल्टिमीटर, बॅटरी, दोनतीन रेझिस्टर, वायरी आणि क्रोकोडाइल क्लिपा. पोरं टेबलाशी पोचतात आणि मिनिटभरात कामं वाटली जातात. वाटत कोणीच नाही, आपोआप होतं. नॉब फिरवायला एक मुलगा, प्रोब टेकवायला दुसरा मुलगा, आणि मुली जर्नल उघडून पट्टीने टेबल आखायला बसतात. "रीडिंग सांग रे" म्हणतात आणि लिहून घेतात. जर्नलं तपासताना बघावं तर यांचीच देखणी, ग्राफला स्केल बरोबर, प्रत्येक आकड्यापुढे युनिट (युनिट न लिहिणारी जमात कुठली ते सांगत नाही :) ) आणि तोंडी परीक्षेत "व्होल्टेज मोजताना मीटर पॅरलल का जोडायचा" विचारलं की उत्तर तोंडपाठ, पण "बरं, जोडून दाखव" म्हटलं की हात थबकतो. थबकणारच, वर्षभर त्या हातात पेन होतं ना.

मग विषय निवडायची वेळ येते. गणितात चांगले मार्क असलेल्या मुली येऊन सांगतात, मॅडम मला इलेक्ट्रॉनिक्स-कम्प्युटर वगैरे नको, त्यात इंटरेस्ट नाही. घरचेही म्हणतात आवड नाही तर कशाला ढकलायचं. ऐकायला अगदी समंजस वाटतं. माझा प्रश्न एवढाच की ज्या वस्तूला धड हातच लागला नाही तिची आवड लागणार कुठून? आणि मुलग्यांना ती आवड जन्मजात असते असं आपण जे धरून चालतो ते कशाच्या जोरावर?

१९८३ साली डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकाने लहान मुलांना "शास्त्रज्ञाचं चित्र काढा" असं सांगून केलेल्या पाहणीचे आकडे छापले. ४८०७ मुलं, त्यात बाई शास्त्रज्ञ निघाली फक्त २८ चित्रांत, आणि ती २८च्या २८ मुलींनी काढलेली. नंतर अमेरिकेतल्या अशा बऱ्याच पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये परत हिशोब झाला. परिस्थिती सुधारलीय, नाही असं नाही. पण त्यातली एक गोष्ट मला जास्त लागली, सहा वर्षांच्या मुली बहुतेक वेळा बाईच काढतात आणि सोळा वर्षांच्या मुलींच्या चारातल्या तीन चित्रांत पुरुष असतो. म्हणजे चित्र शाळेत बदलतं. आमच्या डोळ्यासमोर.

अनुभव लिहा, वाद घाला, काहीही चालेल. फक्त मेरी क्युरीचं नाव घेऊन "बघा, जिला करायचं ती करतेच" असं म्हणून धागा गुंडाळू नका.

अर्धविराम

निरीक्षण मस्त आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटला. मुली जर्नल लिहितात कारण त्यांना ते आवडतं आणि जमतं असंही असू शकतं ना. सगळ्याच फरकांना समाजाने केलेला अन्याय म्हणायची फॅशन आलीय. मला दोन मुलं आहेत, एक मुलगा एक मुलगी, दोघांना सारखंच वाढवलंय, तरी तो स्क्रू काढतो आणि ती गोष्टी रचते. आणि माझं सोडा, २०१८ मध्ये स्टोएट आणि गिअरी यांचा पेपर आला होता त्यात दाखवलंय की स्त्रीपुरुष समानतेत जे देश पुढे, फिनलंड नॉर्वे वगैरे, तिथेच विज्ञान-तंत्रज्ञानात मुलींचं प्रमाण उलट कमी. म्हणजे मोकळं सोडलं की माणसं आपापल्या आवडीकडे जातात, हे नैसर्गिकच नाही का?

गॅलरीतून

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आकडेबाज

@अर्धविराम, तो पेपर गाजला खरा, पण पुढे काय झालं तेही बघा. त्यातल्या आलेखावर लोकांनी प्रश्न विचारले, आकडे जुळेनात, मग २०१९ मध्ये लेखकांनाच लांबलचक दुरुस्ती छापावी लागली. कारण त्यांनी "पदवीधरांत किती टक्के मुली" हा साधा आकडा वापरला नव्हता, स्वतः तयार केलेलं एक गुणोत्तर वापरलं होतं. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने साधे टक्के घेतले आणि समानता मोजायचा दुसरा निर्देशांक लावला तर तो संबंध टिकला नाही. म्हणजे खरोखरचा पॅरडॉक्स (समानता जास्त तिथेच मुली कमी, हा विरोधाभास) आहे की मोजपट्टीचा खेळ आहे यावर अजून भांडण चालूय. तेव्हा "नैसर्गिक" वर शिक्का मारायला तो पेपर पुरत नाही.

आणि समजा संबंध खरा धरला तरी त्याचा अर्थ एकच निघत नाही. जिथे पोटापाण्याची चिंता जास्त तिथे मुलगी इंजिनिअरिंग निवडते कारण नोकरी लागते, जिथे कुठलंही काम करून बरं जगता येतं तिथे "हे आपल्यासारख्यांचं आहे का" हा विचार करायची चैन परवडते. हे स्पष्टीकरण थोडंफार त्या लेखकांनीही दिलंय. आणि "आपल्यासारख्यांचं" हे कोण ठरवतं, परत तिथेच आलो.

दोन मुलांच्या उदाहरणाबद्दल काय बोलणार, माझ्या घरी दोन मुली आहेत, एक स्क्रू काढते एक गोष्टी रचते. सॅम्पल साइज तुमच्याइतकंच.

बायनरी_बाबा

अरे वा, माझा आवडता विषय, आता मी सुटणार.

"नैसर्गिक आवड" वाल्यांनी कम्प्युटरचा इतिहास जरूर वाचावा कारण इथे आवड चक्क कूस बदलते आणि तारखेनिशी दाखवता येते. १९४६ मध्ये एनिॲक हा अवाढव्य कम्प्युटर लोकांना दाखवला तेव्हा त्याचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सहा जणी बायका होत्या, हाताने वायरी जोडून अन स्विच फिरवून प्रोग्रॅम बसवायच्या (म्हणजे तिरपीताईंच्या लॅबच्या बरोब्बर उलटं). कारण काय तर हार्डवेअर हे "खरं" काम, ते पुरुषांचं, आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे कारकुनी, ते बायकांना द्या. मग लक्षात आलं की अरे हे तर अवघड आहे आणि यात पैसा आहे, की लगेच चित्र फिरलं. साठच्या दशकात कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी चांगला प्रोग्रॅमर ओळखायची फूटपट्टी काढली, त्यासाठी १३७८ प्रोग्रॅमर तपासले, त्यात बायका होत्या १८६, आणि निघालं काय, तर यांना कोडी आवडतात आणि माणसं आवडत नाहीत! झालं, कंपन्या त्यावरून माणसं निवडायला लागल्या, तशी माणसं भरली, मग तशी माणसं दिसतात म्हणून तशीच हवीत असं ठरलं. दाढीवाला घुमा प्रोग्रॅमर हा निसर्गाने दिलेला नाहीये, भरतीच्या फॉर्मने दिलाय.

तरीसुद्धा अमेरिकेत कम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत मुलींचं प्रमाण वाढत वाढत १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. मग घसरायला लागलं ते २०१० नंतर १८ टक्क्यांच्या आसपास येऊन टेकलं. त्याच काळात मेडिकल, लॉ सगळीकडे मुली वाढत होत्या. आता पंचवीस-तीस वर्षांत मुलींचा मेंदू तर बदलला नाही? बदललं काय, तर घरात कम्प्युटर आला आणि तो मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला, मुलाच्या खोलीत ठेवला गेला. मग कॉलेजच्या पहिल्या दिवशी निम्मा वर्ग आधीच शिकून आलेला, मास्तर त्यांच्या वेगाने पळणार, आणि जिने पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला ती समजणार की आपल्यात ते नाहीच.

आणि हो, मलेशिया. तिथे कम्प्युटर सायन्सला मुली निम्म्याच्या आसपास असतात. का, तर तिथे समज असा की हे बसून करायचं, सावलीतलं, सुरक्षित काम आहे, बायकांना बरं. बघा म्हणजे, साचा तिथेही आहेच, फक्त उलटा बसलाय. एकाच कामाला एका देशात पुरुषी म्हणतात आणि दुसऱ्यात बायकी, आणि दोन्हीकडे लोक छातीठोकपणे सांगतात की हे नैसर्गिकच आहे.

हळद_नको

बाबा _/\_ वाचनखूण साठवली.

कोपऱ्यातली_खुर्ची

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नेहमी वाचनमात्र असते पण आज लिहितेच.

कोणी कधी "तू मुलगी आहेस, तुला जमणार नाही" असं तोंडावर म्हटलं नाही मला. तसं म्हणणारा भेटला असता तर सोपं झालं असतं, भांडता आलं असतं. झालं काय ते सांगते. प्रोजेक्टला प्रेझेंटेशन तुझ्याकडे, तुझं बोलणं छान आहे. रिपोर्ट तुझ्याकडे, तुझं इंग्लिश चांगलं आहे. पार्टीचे पैसे गोळा करायचे तुझ्याकडे, तू हिशोबाला पक्की. प्रत्येक वेळी कौतुकच केलं हो माझं! आणि बोर्ड सोल्डर करायला बसलं की "दे इकडे, पटकन होईल". नोकरीतही तेच, मी दोन वर्षं मीटिंगचे मिनिट्स लिहिले. नाही म्हटलं की तोंड वाकडं करते असं व्हायचं. एकदा साइटवर पॅनेल उघडून फॉल्ट शोधत होते तर क्लायंटचा माणूस माझ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रेनी मुलाला विचारतो, सर किती वेळ लागेल. त्या बिचाऱ्याला पॅनेलमधलं काय कळत होतं, तो माझ्याकडे बघायला लागला.

लोक म्हणतात हे तुमच्या मनाचे खेळ. मी अशांना बेन बॅरस यांचं उदाहरण देते. स्टॅनफर्डचे मोठे मेंदूशास्त्रज्ञ, आधी बाई म्हणून जगले, चाळिशीत लिंगबदल करून पुरुष झाले. एमआयटीत शिकताना अवघड गणित वर्गात फक्त त्यांनाच सुटलं होतं तर प्राध्यापक म्हणाले बॉयफ्रेंडने सोडवून दिलं असेल. आणि पुरुष झाल्यावर कोणीतरी त्यांचं भाषण ऐकून म्हणालं की याचं काम याच्या बहिणीपेक्षा फारच सरस आहे. बहीण कसली, ते स्वतःच होते! माणूस तोच, डोकं तेच. २००६ मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून छापलंय.

अर्धविराम

@कोपऱ्यातली_खुर्ची, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण किस्से ते किस्से. मला स्टिरिओटाइप थ्रेट वगैरे ऐकून माहितीये, म्हणजे पेपरच्या आधी मुलींना आठवण करून दिली की तुम्ही मुली आहात की मार्क कमी पडतात, तर तेही नंतर फुसकं निघालं म्हणतात.

आकडेबाज

इथे तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. १९९९ चा मूळ प्रयोग प्रसिद्ध आहे पण २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर शाळकरी मुलांवर तो पुन्हा करून बघितला तर परिणाम सापडला नाही. शिक्षक-प्रशिक्षणात अजून तो वेदवाक्यासारखा सांगतात, ते थांबायला हवं.

पण ज्यात किस्से नाहीत असे प्रयोगही आहेत की. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२७ विज्ञान-प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एक अर्ज दिला, शब्दन् शब्द तोच, अर्ध्यांना जॉन नावाने अर्ध्यांना जेनिफर नावाने. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला. आणि गंमत म्हणजे बाई प्राध्यापकांनीही तेच केलं. तेव्हा पुरुष विरुद्ध बायका असा हा सामना नाहीच.

दुसरं एक. २००१ चा अभ्यास आहे, विज्ञान संग्रहालयात आईबाप लहान मुलांना घेऊन आलेले, हाताळायच्या यंत्रांपाशी. मुलग्यांना "हे असं का होतं" ते समजावून सांगण्याचं प्रमाण मुलींपेक्षा तिप्पट निघालं. मुलं एक ते आठ वर्षांची! मुलींशी आईबाप बोलत होते, प्रेमाने बोलत होते, बटण कुठलं दाबायचं तेही सांगत होते. "का" तेवढं सांगत नव्हते. तुमच्या घरी दोघांना सारखं वाढवलं म्हणता तेव्हा हे मोजलं होतं का कधी? खवचटपणे नाही विचारत, मी पण नाही मोजलेलं.

पाचवा_तास

मी अकरावीत आहे. हा धागा आईने पाठवला (आई इथे आहे, नाव सांगणार नाही).

मॅडमचं जर्नलवालं १०० टक्के खरं आहे. पण एक सांगू का, मुली स्वतःहून पण पेन घेतात, मी पण घ्यायचे. कारण मीटर घेतला आणि रीडिंग चुकलं तर सगळे बघतात. मुलगा चुकला तर तो चुकला, "काय रे गाढवा" म्हणून हसतात आणि पुढे जातात. मी चुकले तर "मुलींना नाही जमत" होतं. म्हणजे मी सगळ्या मुलींच्या वतीने चुकते. मग कशाला रिस्क, लिही गपचूप.

आणि प्लीज त्या महिला शास्त्रज्ञांवरच्या पोस्टर स्पर्धा बंद करा. दर वर्षी आम्हा मुलींनाच बसवतात त्याला आणि तेव्हा मुलं काय करत असतात माहितीये? रोबोटची प्रॅक्टिस. शपथ. लॅब शाळा सुटल्यावर अर्धा तास उघडी ठेवली आणि तिथे कोणी टपून बसलं नसलं तर पोस्टरपेक्षा खूप झालं असतं.

बायनरी_बाबा

@पाचवा_तास, दंडवत घे बाई. रोबोटच्या वेळेत पोस्टर, हे कोणी रचून लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हटलं असतं मी.

कोपऱ्यातली_खुर्ची

"सगळ्या मुलींच्या वतीने चुकते" हे वाचून थांबले. मला हे इतक्या नेमक्या शब्दांत कधी मांडता आलं नसतं.

अवांतर: ताईंचा मेरी क्युरीवाला नियम मोडतेय, पण जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट इथे लागू पडते. १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या तेव्हा वर्षभर अटी घालून घेतलं, तुमच्यामुळे पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये अशीसुद्धा एक अट. वर्ष बरं गेलं म्हणून पुढे इतर मुलींना दार उघडलं. म्हणजे त्यांनी ते वर्ष एकटीसाठी काढलंच नव्हतं, पुढच्या सगळ्यांच्या वतीने परीक्षा देत होत्या. आपण हे प्रेरणादायी म्हणून सांगतो, पण बरोबरच्या मुलांवर असं ओझं होतं का? ते आपला आपला अभ्यास करत होते.

तिरपी_रेघ

@पाचवा_तास, हे मला वर्गात कोणी सांगणार नाही, थँक्यू. लॅब उघडी ठेवायचं बघते, किल्ल्यांचं राजकारण वेगळं असतं ते तुला नोकरी लागली की कळेल.

@अर्धविराम, मुली लिहितात कारण त्यांना आवडतं म्हणालात त्यावर हे उत्तर पुरेसं आहे असं मला वाटतं. बाहेरून आवड दिसते ती आतून बचाव असू शकते.

वयाबद्दल एक भर घालते. २०१७ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, मुलांना एका "खूप खूप हुशार" माणसाची गोष्ट सांगितली आणि तो माणूस यातला कोण असेल ते चित्रांतून ओळखायला लावलं. पाच वर्षांची मुलं आपापल्या बाजूचं चित्र निवडतात, मुली बाई, मुलगे पुरुष. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते कमी होतं. आणि त्याच मुलींना शाळेत जास्त मार्क कोणाला मिळतात विचारलं तर त्या मुलींना म्हणतात! म्हणजे मार्क कष्टाचे आणि हुशारी त्याची, हे गणित पहिली-दुसरीतच पक्कं. आमच्याच तोंडी नसतं का, "ती मेहनती आहे हो, तो हुशार आहे पण करत नाही." स्टाफरूममध्ये आठवड्याला एकदा तरी ऐकते. ज्या विषयांना आपण "यासाठी डोकं लागतं" म्हणतो, फिजिक्स, गणित, कोडिंग, तिथे मग मेहनती मुलगी कशाला पाऊल टाकेल.

आकडेबाज

या सगळ्यात एक मुद्दा कोणीच घेतला नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गणितात मुली कमी पडतात म्हणून जात नाहीत हे आता कोणी शहाणा माणूस म्हणत नाही, मार्कांतला फरक फार किरकोळ आहे. पण २०१९ मध्ये ब्रेडा आणि नॅप यांनी पिसा (पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी) २०१२ चा डेटा घेतला, ६४ देश, तीन लाखांच्या आसपास विद्यार्थी. गणितात सारखेच मार्क असलेले मुलगा आणि मुलगी शेजारी ठेवा. मुलगी वाचनात-भाषेत बहुतेक वेळा त्याच्या पुढे असते. मग तो म्हणतो माझं गणित बरं आहे (कारण भाषा बेताची), ती म्हणते माझी भाषा छान आहे. दोघं गणितात सारखेच! पुढे गणिती विषय घेण्याच्या इराद्यातल्या तफावतीचा बराच मोठा भाग एवढ्याने उलगडतो.

यात गोची अशी की आपण करिअरचा सल्ला देताना विचारतो काय, "तुझा सगळ्यात चांगला विषय कुठला?" हा प्रश्नच मुलींना बाहेर काढतो. "या विषयाला लागतं तेवढं तुझ्याकडे आहे का" असं विचारलं तर उत्तर वेगळं येईल. पालकांनी मार्कलिस्टवर सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती गोल करायची सवय सोडावी.

अर्धविराम

हे मात्र पटलं. म्हणजे साचा वगैरे नाही, साधी तुलना आहे.

आकडेबाज

नाही हो, अर्धंच पटवून घेताय :) मुलगे भाषेत मागे का, हा प्रश्न राहतोच. वाचणारा मुलगा म्हणजे मुलीसारखा, हाही साचाच.

सलाईन

शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. माझ्या मुलाने नर्सिंग घेतलं. मार्क चांगले होते, "वरचं" काहीही मिळालं असतं. आजीच्या आजारपणात घरी येणारी नर्स बघून त्याने ठरवलं. नातेवाईकांचे फोन आले, डॉक्टर होता आलं नाही का रे. त्याला नाही, मला. जणू पोरगं नापास झालं. मुलगी इंजिनिअर झाली तर लोक निदान "जिद्दी" म्हणतात, मुलगा नर्स झाला तर खाली घसरला म्हणतात. मुलींना पुरुषांच्या कामात आणायचे कार्यक्रम ढीगभर, उलट दिशेने कोणी बोलतच नाही. आमच्या बैठकीत याचा विषय निघाला की माणसं पाणी प्यायला उठतात.

हळद_नको

+१. दोन्ही दारं एकाच बिजागरीवर आहेत.

बायनरी_बाबा

बरं रडगाणं पुरे, उपाय काय चालले ते बघू. भाषणं चालत नाहीत, रचना बदलली की चालतं, अशी निदान दोन उदाहरणं आहेत.

कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये कम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२. केलं काय, तर आधी कोडिंग येत असल्याला प्रवेशात मिळणारं वजन कमी केलं, कारण बघितलं तर पुढे कोण टिकतं याच्याशी त्याचा फारसा संबंधच नव्हता. हार्वे मड कॉलेजात पहिला कोर्स जावावरून पायथनवर (दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा) आणला, कोडी सोडवायला लावणारा केला, आणि आधीच येणाऱ्यांची तुकडी वेगळी काढली. तिथे कम्प्युटर घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या त्या काही वर्षांत ४० च्या घरात गेल्या. वर्गात सतत हात वर करून आपलं ज्ञान पाजळणाऱ्या पोरांना मास्तर बाजूला घेऊन सांगायचे, तुला येतं ते छानच आहे, आपण दोघं नंतर बोलू, वर्गात जरा इतरांना बोलू दे. मला हा उपाय सगळ्यात आवडला, एक पैसा खर्च नाही.

अर्धविराम

म्हणजे अभ्यासक्रम सोपा केला. असंच म्हणा ना.

बायनरी_बाबा

नाही. चढण तीच आहे, पायथ्याशी आधीच गाडीने आलेल्यांना पुढून सोडलं एवढंच. पुढचे कोर्स तेच, परीक्षा तीच. आणि गंमत बघा, यात ज्या मुलग्यांनी घरी कम्प्युटर बघितला नव्हता त्यांचंही भलं झालं. ते तर कुठल्याच चर्चेत नसतात.

कोपऱ्यातली_खुर्ची

शिकवणारं कोण आहे त्याचाही परिणाम होतो. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, वाटून मिळतो, आणि परीक्षा सगळ्यांची एकच. त्यामुळे तुलना चोख होते. २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात निघालं की गणित-विज्ञानाच्या सुरुवातीच्या कोर्सला बाई शिकवायला असली तर मुलींची कामगिरी सुधारते आणि त्या पुढे विज्ञानात टिकतातही जास्त, विशेषतः गणितात तरबेज असलेल्या मुली. मुलांवर फारसा फरक नाही. त्यामुळे तिरपीताई, तुम्ही नुसत्या वर्गात उभ्या राहता तेही कामच आहे.

तिरपी_रेघ

उभी राहते ते ठीक, पण स्टाफरूममधलं पण बघायला हवं.

पुढच्या टर्मपासून ग्रुपमध्ये कामं ठरवून देणार आणि दर प्रॅक्टिकलला फिरवणार. जोडणारा, मोजणारा, लिहिणारा, तपासणारा. जर्नलवर कोणी काय केलं ते लिहायचं. आणि जोडणीला वेगळे मार्क, आत्ता सगळे मार्क जर्नलला आहेत, म्हणजे खरं तर मीच पेनाला बक्षीस देतेय. मुलगे ओरडणार, लिहायला लागणार म्हणून.

अर्धविराम

आणि ज्या मुलीला खरंच लिहायलाच आवडतं तिचं काय? तिच्यावर पण जबरदस्ती?

पाचवा_तास

काका, गणित न आवडणाऱ्यांना पण गणित करावंच लागतं ना. तेव्हा कोणी जबरदस्ती म्हणत नाही.

गॅलरीतून

पॉपकॉर्न संपले. @सलाईन, मुलाचं पुढे काय चाललंय? रमला का?

सलाईन

रमलाय. दुसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डात ड्युटी लागते. तक्रार एकच. पेशंट उचलायचा असला, स्ट्रेचर ढकलायचं असलं, कोणी दंगा करायला लागलं की पहिली हाक याला. लहान बाळाची शीर शोधायची असली की मैत्रिणींना बोलावतात, मुलींचा हात हलका असतो म्हणे. त्याला शीर शोधायला शिकायचंय. परवा इन्चार्ज सिस्टरशी बोलला, त्या म्हणाल्या अरे तू स्वतःहून कधी मागितलंच नाहीस. आता मागतो.